ट्रॅक्टर गाडीत घालून न्यायचाय? आधी काटा करा, मग ट्रॉलीचं बघू

पुण्यात राहायचं आणि शेती पुरंदरला, मावळात नाहीतर शिरूरकडे, असे लोक आता खूप झालेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात मिनी ट्रॅक्टर आलाय. अंजिराच्या नाहीतर सीताफळाच्या ओळीतून मोठा ट्रॅक्टर फिरत नाही, म्हणून छोटा घेतला, ते ठीकच आहे. पण मग एक तुकडा सासवडजवळ, दुसरा भोरला, सर्व्हिसिंगला हडपसरला आणायचा, मेव्हण्याला दोन दिवस द्यायचा, आणि प्रश्न येतो की हा न्यायचा कशात. मग विचारणा सुरू होते, ट्रॉली किती फुटी घेऊ, सेकंडहँड ट्रेलर स्वस्तात मिळतोय तर उचलू का, टेम्पोवाला म्हणतो बसतंय तर मग बसतंय ना? फुटाचा प्रश्न खरंतर सगळ्यात शेवटचा. पहिला वजनाचा, आणि त्याला लागूनच ते वजन नेमकं कुठे बसतंय याचा.

युट्यूबवर शोधलंत तर व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले. मोठा पिकअप, मागे दोन अॅक्सलचा सपाट ट्रेलर, त्यावर ट्रॅक्टर, माणूस आरामात चाललाय. तिकडे ७००० पौंडांचा ट्रेलर फार चालतो, आपल्या हिशोबात साधारण ३१७५ किलो, ३५०० पौंडांचे दोन अॅक्सल. गंमत म्हणजे तिथलेही नवखे लोक हा आकडा माल वाहायचा समजतात आणि फसतात, कारण तो ट्रेलर धरून एकूण वजनाचा आकडा असतो. ट्रेलरच ८००-९०० किलोचा, म्हणजे वर घालायला उरले सव्वादोन टन. आपल्याकडे मोशीच्या किसान प्रदर्शनात गेलात तर तिथेही ट्रॉलीच्या स्टॉलवर हाच प्रश्न विचारा, की पाच टनी म्हणताय ते पाच टन माल का ट्रॉलीसकट पाच टन? उत्तर देताना समोरचा जरा घुटमळला तर प्लेटवरचा आकडा दाखवायला सांगा. व्हिडिओतलं चित्र जसंच्या तसं इथे आणता येत नाही, ते का ते पुढे येईल, पण हिशोब तोच लागू पडतो.

तर वजन. २०-२५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर मॉडेलप्रमाणे साधारण ६०० ते ९०० किलो भरतो. ४५-५० एचपीचा मोठा १८०० ते २२०० किलो. हे झालं कंपनीच्या कागदावरचं, म्हणजे शोरूममधून निघालेला नुसता ट्रॅक्टर. आपला ट्रॅक्टर तसा राहिलेला असतो का? मागच्या टायरात पाणी भरलेलं असतं, मोठ्या ट्रॅक्टरच्या एका टायरात दीडशे-दोनशे लिटर सहज, म्हणजे दोन्ही मिळून तीन-साडेतीनशे किलो आणि हे पाणी बाहेरून दिसत नाही म्हणून हिशोबातही येत नाही. पुढे लोखंडी वजनं लावलेली, वर छत, आणि मग अवजारं. सहा फुटी रोटाव्हेटर चार-साडेचारशे किलो, दोन फाळांचा हायड्रॉलिक पलटी नांगर त्याच्याच आसपास, नऊ दात्यांचा कल्टिव्हेटर दोन-अडीचशे. म्हणजे तोंडाने "दोन टनाचा ट्रॅक्टर" म्हणत म्हणत गाडीवर ३२०० किलो चढतात. मिनीचं पण तसंच, ६५० चा ट्रॅक्टर, दोनशे किलोचा छोटा रोटाव्हेटर, छोटा नांगर, चढवायच्या लोखंडी फळ्या, डिझेलचा कॅन, हौद्यात बसलेला गडी, झाले अकराशे.

अंदाज नकोत, काटा करा. वजनकाटा मार्केट यार्डापासून चाकणपर्यंत रस्त्यारस्त्याला आहे आणि पावती किरकोळ पैशात मिळते. जाताना टायरात पाणी, अवजार जोडलेलं, टाकी भरलेली, जसा न्यायचा तसाच ट्रॅक्टर न्या. आणि एक करा, काटेवाला नाक मुरडेल तरी करा, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन आकडा घ्या, मग पूर्ण ट्रॅक्टर. वजाबाकी केली की मागच्या अॅक्सलवर किती ते कळतं. साध्या टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचं नुसतं असताना साठ-पासष्ट टक्के वजन मागच्या चाकांवर असतं, रोटाव्हेटर उचलला की याहून कितीतरी जास्त. ही पावती जपून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

आता गाडीचं. टेम्पोवाल्याला विचारलं तर तो म्हणणार, "बसतंय की साहेब, परवाच याच्याहून मोठा नेला." नेला असेल. तुम्ही त्याला आरसी दाखवायला सांगा. आरसीवर दोन आकडे असतात, गाडीचं रिकामं वजन आणि एकूण भरलेलं वजन, दोघांमधला फरक म्हणजे ती गाडी कायद्याने किती माल नेऊ शकते, ज्याला आपण पासिंग म्हणतो. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपासचा, तो मिनी ट्रॅक्टरला सुद्धा अवजारांसकट कमी पडतो. पिकअप १.३ टन, १.७ टन, २ टन अशा मिळतात, तर मिनीसाठी १.३ च्या खाली जाऊ नका आणि ४५-५० एचपीसाठी पिकअपचा विषयच काढू नका. तो वजनात बसत नाही आणि मापातही नाही, कारण मोठा ट्रॅक्टर साडेअकरा फूट लांब आणि रुंदीला सहा फुटांच्या आसपास, पिकअपचा हौदा नऊ-दहा फुटांचा, रुंदी साडेपाच. मग फाळका उघडा ठेवून, मागची चाकं फाळक्यावर टेकवून, साखळ्यांवर तोलून नेतात लोक, दिवे घाटात रोज दिसतं. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर जादा टनाला २,००० रुपये धरलेत, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च तुमचा. माल गाडीच्या बाहेर डोकावत असेल, बाजूने असो, मागे असो, त्याला वेगळे २०,०००. हे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे. पण दंड सोडा, फाळका हा माल आत अडवायला असतो, टनभर वजन बाहेर तोलायला नाही, आणि त्याच्या बिजागऱ्या बघितल्यात तर तुमचं तुम्हालाच पटेल.

मोठ्या ट्रॅक्टरसाठी मग चौदा फुटी कँटर किंवा लो-बेड, म्हणजे जमिनीलगत हौद्याची गाडी, आणि अवजारं त्यातच का वेगळ्या खेपेला हे काट्याच्या पावतीवर ठरवायचं.

चढवणं-उतरवणं यावर जरा थांबतो, कारण रस्त्यावरच्या अपघाताची भीती सगळ्यांना वाटते आणि फळीवरच्या अपघाताची कुणालाच नाही. गावाकडे टेम्पो बांधाला लावतात, बांधाची आणि हौद्याची उंची जुळली की ट्रॅक्टर सपाट आत जातो, आणि खरं सांगायचं तर याच्याइतकी भारी पद्धत नाही, फक्त बांध भिजलेला नसावा. पण शहरात बांध कुठे? मग फळ्या. हौदा जमिनीपासून तीन फूट आणि फळी सहा फुटांची, तर चढ होतो बरोबर ३० अंशांचा. ऐकायला काही वाटत नाही पण ३० अंश म्हणजे कुठल्याही घाटातल्या डांबरी चढाच्या कितीतरी पट उभा. हीच फळी बारा फुटी घेतली तर चढ साडेचौदा अंशांवर येतो.

आता मिनी ट्रॅक्टर घ्या ६५० किलोचा, मागे दोनशे किलोचा रोटाव्हेटर उचललेला. नुसत्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागच्या अॅक्सलच्या पुढे साधारण ६० सेंटीमीटरवर असतो. रोटाव्हेटरचं वजन अॅक्सलच्या मागे ९० सेंटीमीटरवर लोंबकळतंय. दोन्ही मिळून हिशोब केला तर गुरुत्वमध्य सरकून अॅक्सलच्या पुढे जेमतेम २५ सेंटीमीटरवर येतो. हा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर उंच धरा. ३० अंशांच्या फळीवर ट्रॅक्टर तोंड वर करून चढला की हीच उंची त्याला ३० सेंटीमीटरहून जास्त मागे नेते, म्हणजे वजनाची रेघ मागच्या चाकांच्या टेकूच्या मागे पडते आणि पुढची चाकं उचलायला लागतात, क्लच झटक्यात सोडायची पण गरज नाही, ट्रॅक्टर नुसता उभा असला तरी मागे येईल. क्लच झटकला तर सेकंद-दीड सेकंदात उलटा. ड्रायव्हरला "अरे" म्हणायला वेळ मिळत नाही. साडेचौदा अंशांवर हेच सरकणं १५ सेंटीमीटरच्या आत राहतं, हातात थोडी जागा उरते. मॉडेलप्रमाणे आकडे इकडेतिकडे होतील पण गोष्ट बदलत नाही.

म्हणून अवजार सोडून वेगळं चढवा, किंवा ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवा म्हणजे जड बाजू चढाच्या वरच्या अंगाला राहते आणि मागे उलटायचा प्रश्नच मिटतो. पिकअपमध्ये रिव्हर्स चढवण्याचा अजून एक फायदा, ट्रॅक्टरची जड बाजू केबिनकडे येते, पिकअपच्या मागच्या अॅक्सलच्या पुढे, आणि तिचं नाक हलकं होत नाही. नाकाकडून आत घातलात तर सगळं जड हौद्याच्या शेपटीला आणि मग पिकअपचं स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं, जे अजिबात चांगलं लक्षण नाही. फोर व्हील असेल तर लावा, सगळ्यात खालचा गिअर, फळीच्या अधेमधे गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. दोन्ही ब्रेक पेडल जोडणारं लॉक लावलेलं हवं, शेतात वळताना एकेक ब्रेक मारायची सवय असते आणि फळीवर एकच चाक अडकलं की ट्रॅक्टर तिरका होऊन फळीवरून खाली. फळ्या गाडीला हुकाने किंवा साखळीने अडकवलेल्या पाहिजेत, नाहीतर चाकाने फळीच मागे ढकलली जाते. गाडीच्या चाकांना पुढेमागे ठोकळे. आणि मागे उभं राहून हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" करणाऱ्या माणसाला आधी बाजूला काढा, तो कितीही अनुभवी काका असला तरी.

आता ट्रेलर म्हणजे मागे ओढायचं प्रकरण. ज्याने बैलगाडी भरलीय त्याला हे सांगावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उठतं, बैलांच्या गळ्यातल्या जुपण्या आवळतात. पुढे जास्त झाला की सगळं ओझं मानेवर. ट्रेलरचं अगदी तेच. साधारण नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हुकावर यायला हवं. १४०० किलोचा भरलेला ट्रेलर असेल तर हुकावर १४० ते २१०. याहून खाली गेलं, शेपटीला जड झालं, की वेग वाढल्यावर ट्रेलर मागे डुलायला लागतो, डावीकडे उजवीकडे, प्रत्येक झोक्याला जास्त, आणि शेवटी पुढच्या गाडीला पण घेऊन जातो. याउलट हुकावर फार झालं तर ओढणाऱ्या गाडीची शेपटी दबते आणि पुढची चाकं हलकी.

हे जमवायचं कसं, तर ट्रॅक्टर पुढेमागे सरकवून. समजा ट्रेलरचा हुक अॅक्सलपासून तीन मीटर पुढे आहे आणि ट्रॅक्टर ७०० किलोचा. ट्रॅक्टर ३० सेंटीमीटर पुढे घेतला की हुकावर ७० किलो वाढतात, मागे घेतला की तितके कमी होतात. एक फुटाच्या सरकण्याने ट्रेलर चांगला किंवा वाईट होतो, एवढं नाजूक आहे ते. म्हणूनच लांबी लागते, फुटांचा प्रश्न इथे येतो. ट्रॅक्टरच्या लांबीत अवजाराची लांबी धरायची आणि वर अजून दोन-तीन फूट मोकळे, ते सरकवायला. मापाला माप ट्रेलर घेतला तर ट्रॅक्टर बसतो पण जिथे बसायला हवा तिथे बसेलच असं नाही. योग्य जागा एकदा सापडली, म्हणजे हुकाखाली काटा लावून बघितली, की ट्रेलरच्या पाटावर ऑइलपेंटने रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी गडी पण बरोबर रेघेवर आणून उभा करेल.

एक अॅक्सल का दोन? मिनी ट्रॅक्टरला एक अॅक्सल वजनाच्या हिशोबाने पुरतो, आणि स्वस्त, मागे घ्यायला पण सोपा. पण टायर फुटला की एकाच अॅक्सलचा ट्रेलर लगेच कलंडतो, दोन असले तर कशीबशी गाडी कडेला घेता येते, म्हणून परवडत असेल तर दोन. ट्रॅक्टरमागच्या चारचाकी ट्रॉलीचं वेगळं, तिची पुढची चाकं वळतात, हुकावर वजन जवळपास येतच नाही, म्हणून भरायला सोपी पण रिव्हर्स घेताना भल्याभल्यांना घाम फुटतो. दोन चाकी ट्रॉलीत पुढचं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येतं, ते थोडं असेल तर चांगलंच कारण मागच्या चाकांना पकड मिळते. हुक मात्र खालचाच, ड्रॉबारचा. वरच्या टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराचा वरचा दांडा जोडतात त्या जागेला दोर नाहीतर साखळी बांधून ओढायचा जुगाड काही लोक करतात, तो ट्रॅक्टर उलटवायचा हमखास मार्ग आहे.

थांबण्याचं आता. ट्रॉली ओढली जाते हे सगळ्यांना दिसतं, ती ढकलते हे उतारावर कळतं. ट्रॅक्टर दोन टनांचा, मागे दीड टनाची भरलेली बिनब्रेकची ट्रॉली, म्हणजे दोन टनांचे ब्रेक साडेतीन टन थांबवतायत, आणि वळणावर ब्रेक मारला की ट्रॉली ट्रॅक्टरची शेपटी बाजूला ढकलून मोकळी. युरोपात ७५० किलोच्या वर भरलेल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतातच, अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ही रेघ ३००० पौंडांवर, म्हणजे १३६० किलोंवर. आपल्याकडे खेड्यापाड्यातल्या शेतीच्या ट्रॉल्यांना ब्रेक दिसणं म्हणजे नशीब. माझं मत विचाराल तर जिथे घाट उतरायचाय, मग तो दिवे असो, कात्रजचा जुना असो नाहीतर खंबाटकी, तिथे टनभराच्या वरचा ट्रेलर बिनब्रेकचा घेऊच नका, रंगावर पैसे कमी घाला पण ब्रेकवर घाला. ओव्हररन ब्रेक म्हणून एक प्रकार येतो, पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर हुकावर दाबतो आणि त्याच दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात, वायर नाही, पाइप नाही, छोट्या ट्रेलरला हे छान चालतं. आणि ब्रेक असोत नसोत, घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

कागदांचं थोडक्यात, कारण इथेच अमेरिकन व्हिडिओ आपल्या कामाचा राहत नाही. ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन, त्याची नोंदणी वेगळी, विमा वेगळा किंवा ओढणाऱ्या गाडीच्या पॉलिसीत त्याचा स्पष्ट उल्लेख. ट्रॉलीचा अपघात झाला आणि पॉलिसी नुसत्या ट्रॅक्टरची निघाली म्हणून विमा कंपनीने हात वर केले, अशी भांडणं कोर्टात पडून असतात. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून चॅनल-अँगल जोडून ट्रेलर बनवला तर तो मजबूत असेलही, पण नोंदणीसाठी मॉडेल चाचणी होऊन मंजूर झालेलं लागतं, आणि अशी चाचणी करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी दोन पुण्यातच आहेत, वेताळ टेकडीवरची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी. म्हणजे मंजूर मॉडेलवाला उत्पादक शोधायचा, चाचणीचं सर्टिफिकेट बघायचं, मगच अॅडव्हान्स द्यायचा. पिकअपमागे ट्रेलर जोडायचा असेल तर पिकअपच्या कंपनीने ओढायचं वजन दिलंय का ते मॅन्युअलमध्ये बघा, दिलेलं नसेल तर विषय तिथेच संपला, ट्रॅक्टर हौद्यातच घाला. शेतीची नोंद असलेल्या ट्रॉलीने शेतीचाच माल न्यायचा, तिच्यावर भाड्याने दुसऱ्याचा ट्रॅक्टर पोचवायचा धंदा चालू केलात तर नोंद आणि विमा दोन्ही अंगाशी येतात.

लायसन्सबद्दल लोक उगाच घाबरतात. एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केलं. म्हणजे पिकअप तुम्ही स्वतः चालवू शकता. ट्रॅक्टर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर चालवत नेता येत नाही, मावळात जायचं तर जुना हायवे.

बांधणी. ट्रॅक्टर जड आहे, कुठे जातोय, असं म्हणून एक दोर टाकणारे आहेत. अमेरिकेच्या वाहतूक नियमांत बांधणीची कसोटी अशी धरलीय की ब्रेक मारल्यावर पुढे मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर सहन झाला पाहिजे, बाजूला आणि मागे ०.५ पट. दोन टनांच्या ट्रॅक्टरचा पुढे १६०० किलोचा धक्का, आणि पुढे केबिन असते, केबिनमध्ये तुम्ही. चार कोपऱ्यांना चार साखळ्या किंवा रॅचेट बेल्ट, पुढचे पुढे ओढणारे, मागचे मागे. बेल्टवर दोन आकडे असतात, एक तुटण्याचा आणि एक वापरायचा, वापरायचा साधारण तुटण्याच्या एक तृतीयांश असतो, दुकानदार मोठा आकडा सांगतो, तुम्ही छोटा धरा. बांधायचं ट्रॅक्टरच्या अॅक्सल हाउसिंगला, ड्रॉबारला, पुढच्या वजनांच्या ब्रॅकेटच्या मजबूत भागाला. स्टिअरिंगच्या रॉडला नाही, मडगार्डला नाही, छताच्या पाइपला तर नाहीच. अवजार खाली पाटावर टेकवलेलं हवं, हायड्रॉलिकवर उचललेलं सोडलं तर रस्त्यात हळूहळू तेल सुटून खाली येतं आणि सगळी बांधणी ढिली पडते, आणि अवजाराला स्वतःचा वेगळा बेल्ट. गिअरमध्ये, हँडब्रेक लावलेला, चावी खिशात, बॉनेटची खिटी पक्की. टर्बो इंजिन असेल आणि लांब जायचं असेल तर सायलेन्सरचं तोंड डबा घालून झाका, कारण वाऱ्याने इंजिन बंद असताना टर्बो फिरत राहतो आणि त्याला ऑइल मिळत नाही. पाच-सहा किलोमीटर गेलं की थांबून बेल्ट परत आवळायचे, पहिल्या खड्ड्यांत टायर बसतात आणि बेल्ट सैल पडतात, आपल्या रस्त्यांवर तर पहिल्या चौकातच.

मग घ्यायचं काय? वर्षातून चार-सहा वेळाच मिनी ट्रॅक्टर हलवायचा असेल तर काहीच घेऊ नका, आरसी बघून दोन टन पासिंगची पिकअप भाड्याने करा आणि बारा फुटी फळ्यांची जोडी मात्र स्वतःची ठेवा, भाड्याच्या गाडीबरोबर येणाऱ्या फळ्या नेहमी आखूड असतात. अंतर २०-२५ किलोमीटरच्या आत असेल तर ट्रॅक्टर चालवतच न्या, तासाला तीसच्या वेगाने तासाभरात पोचतो, आणि अवजारं मागे छोट्या नोंदणी केलेल्या ट्रॉलीत, म्हणजे रोटाव्हेटर लोंबकळत नाही आणि पुढची चाकं रस्त्याला धरून राहतात. दर आठवड्याला न्यायचा, लोकांच्या बागांत भाड्याने कामं करायची, तर स्वतःची पिकअप हा ट्रेलरपेक्षा बरा सौदा, कारण ती बाकीच्या दिवशी भाजी, खत, काहीही वाहते, ट्रेलर नुसता दारात उभा राहतो आणि त्याच्या टायरांवर ऊन पडतं. ट्रेलर खरोखर शोभतो तो दोन-तीन मोठे ट्रॅक्टर असलेल्या आणि ते हलवायला मागे ओढायला योग्य गाडी असलेल्या माणसाला.

सेकंडहँड ट्रॉली बघायला गेलात तर रंगाला भुलू नका, नवा रंग दिसला की आधी खाली वाका. ड्रॉबार जिथे चासीला जोडलाय तिथलं वेल्डिंग बघा, वेल्डवर वेल्ड असेल तर तिथे एकदा तडकलंय. कमानीचे पाटे मोजा, दोन्ही बाजूंना सारखे हवेत, एखादा तुटका पाटा मधूनच काढून टाकलेला असतो. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खडखडलं तर बेअरिंग गेलं, आणि हाताने फिरवून बाजूने डोळा लावून बघा, चाक लचकत फिरलं तर अॅक्सल वाकलाय, तो मोठा खर्च. रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, ट्रॉलीला सर्रास घालतात, हळू चालणाऱ्या शेतातल्या ट्रॉलीला चालतात, हायवेवर नकोत. मागे लाल रिफ्लेक्टर, टेललाइट, इंडिकेटर, आणि ते ट्रॅक्टरच्या मागच्या सात पिनांच्या सॉकेटला जोडून समोर पेटवून दाखवायला सांगा, ऊस हंगामात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीत मागून घुसणाऱ्या मोटारसायकली आपण सगळ्यांनीच बघितल्यात. चासीवर ठोकलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर अंगठ्याने गंज पुसून ताडून बघा, जुळत नसेल तर चहा पिऊन परत या.